भाड्याचा हिशेब

आम्ही नाशिकमधील उर्दू शाळेत शिकवतो. सूद नको म्हणून बँकेत मुदत ठेव कधी केली नाही. साठवलेली रक्कम आणि वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा वडाळ्याकडच्या एका फ्लॅटमध्ये घालावा आणि तो भाड्याने द्यावा, असे ठरले. किंमत 24 लाख, भाडे 7,000.

एजंटने कागदावर लिहिले : वर्षाचे 84,000, म्हणजे साडेतीन टक्के. आम्ही वजाबाकी केली. सोसायटीचे 12,000, घरपट्टीचे 4,000, घर महिनाभर रिकामे राहिले तर 7,000. उरले 61,000. कागदपत्रे तपासली. 2008 आणि 2019 चे पूर पाहिलेले शहर, म्हणून पूररेषाही विचारून घेतली.

मग घर पाहिले. त्यात भाडेकरू राहत होते. बाईंनी आग्रहाने चहा दिला. आतल्या भिंतीला ओल होती आणि तिलाच टेकून मुलगा अभ्यास करत होता. जिना उतरताना एजंट म्हणाला, "ओल दाखवून लाखभर कमी करून घेऊ. दुरुस्तीचं काय, भाडेकरू बघेल."

तेथे आमचे पाऊल अडखळले. सूद हराम आणि भाडे हलाल, ते का? भाडे हे वापराचे मोल आहे. घर राहण्याजोगे ठेवणे मालकाच्या जिम्मे असते. घर कोसळले तर भाड्याचा हक्कही संपतो. सावकाराचे तसे नाही. कर्जदाराचे सर्वस्व बुडाले तरी त्याचे व्याज चालूच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हाही दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच टाकतो. मग ओल भाडेकरूवर ढकलून दरमहा 7,000 मोजून घेणारा मालक आणि सावकार यांत फरक तो काय उरला?

नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. त्या अपमानाबद्दल आपण बोलतो, लिहितो. पण आपणच मालक झालो, की आपल्या भाडेकरूची भिंत पाहायला जातो का?

कोणी म्हणेल, इतका विचार केला तर गुंतवणूक व्हायचीच नाही. होईल, पण नफा थोडा कमी मिळेल. दुरुस्तीसाठी वर्षाला 12,000 बाजूला काढले, तर उरतात 49,000. जेमतेम 2 टक्के. ज्याला हे परवडत नाही, त्याने सोने घ्यावे. सोन्यात कोणी राहत नाही.

किंमत लाखभर कमी होत असेल, तर जरूर करून घ्यावी. मात्र तो पैसा आधी त्या भिंतीचा आहे, मग आपला.