झाकण

आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की आधी तिला जागा शोधतात आणि लगेच झाकण. रेडिओ होता तेव्हा त्याला क्रोशाचा रुमाल होता. टीव्ही आला तो शटरच्या कपाटातच बसला, आणि बातम्या संपल्या की शटर ओढून कुलूप घालणारी माणसं मी पाहिलेली आहेत. मिक्सरला झबलं, फ्रिजच्या डोक्यावर फुलाफुलांचं प्लॅस्टिक, शिवणयंत्राला लाकडी टोप, आणि रिमोट तर बिचारा जन्मल्यापासून पिशवीतच वाढतो. कुणी विचारलंच तर 'धूळ बसते हो' हे उत्तर तयार असतं. पण धूळ हे निमित्त आहे, असं मला आपलं नेहमी वाटत आलंय. उघडी वस्तू आपल्याला बघवत नाही, हे खरं कारण. आमच्या घरात हे खातं वहिनींकडे आहे आणि त्या ते कडक चालवतात.

अशा घरात माझ्या भाच्यानं उघडा संगणक बांधायला घेतला. उघडा म्हणजे पेटी नाहीच. तळाला प्लायवूडची एक फळी, वीतभर वर दुसरी, चार कोपऱ्यांना ॲल्युमिनिअमच्या अँगलचे पाय. वरच्या फळीवर पितळेच्या बुटक्या खुंट्या आणि त्यांवर मदरबोर्ड. खालच्या मजल्यावर पॉवर सप्लाय, पाण्याची टाकी आणि पंप. बाजूला मोटारीला असतो तसा रेडिएटर आणि त्याला तीन पंखे. अँगल आणि स्क्रू बोहरी आळीतून आले, ड्रिल शेजारून आलं आणि फळी धरून ठेवायला मी आलो. या सगळ्या इमारतीला 'टेस्ट बेंच' म्हणतात. चालू करायला बटणसुद्धा नाही. दोन टाचण्यांएवढ्या पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं की यंत्र जागं होतं.

वहिनींनी सगळीकडून पाहून घेतलं आणि विचारलं, "याचं वरचं कधी येणार?"

"मामी, याला वरचं नसतंच."

"असं होय? पैसे कमी पडले असतील तर सांग हो, संकोच करू नकोस."

भाच्याला पैसे कमी पडले नव्हते. त्याला रोज काहीतरी काढून काहीतरी बसवायचं असतं आणि प्रत्येक वेळी पेटीचे स्क्रू काढत बसणं म्हणजे त्याच्या मते आयुष्य फुकट घालवणं. शिवाय त्याचं म्हणणं असं, की संगणक मुळात उघडाच होता, झाकण मागाहून आलं. हे मात्र खरं आहे. १९७६ साली ॲपलचा पहिला संगणक विकायला आला तो नुसती एक पाटी होता. पेटी, कीबोर्ड, वीज यांची सोय गिऱ्हाइकानं आपली आपण करायची. काहींनी सुताराकडचं काम करून लाकडी पेट्या केल्या. पुढच्याच वर्षी दुसरा आला त्याला प्लॅस्टिकची पेटी होती, पण झाकण हातानं उचलता येई. आणि १९८४ साली मॅकिंटॉश आला तो असा बंद, की उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. आठ वर्षांत उघड्याचं कुलूपबंद! माणसाला यापेक्षा थोडी जास्त वर्षं लागतात, एवढंच.

आता पाण्याचं. विजेच्या यंत्रात आपण होऊन पाणी सोडायचं हे ऐकून मी प्रथम आमच्या विम्याचे कागद शोधले होते. पण हिशेब सोपा आहे. हवेच्या एका घागरीत जेवढी उष्णता मावते, तिच्या सुमारे साडेतीन हजार पट पाण्याच्या तेवढ्याच घागरीत मावते. चिपच्या डोक्यावर तांब्याची पोकळ वडी बसवतात. तिच्यातून पाणी जातं, तापतं, रेडिएटरमधे येऊन निवतं आणि परत कामावर जातं. उष्णता नाहीशी होत नाही, नुसती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. (आमच्या कचेरीत फायलींचं हेच होई, फक्त तिथं कुणी निवत नसे.) आणि वडी तांब्याची तर रेडिएटरही तांब्याचाच हवा. तांबं आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात नांदवले तर ॲल्युमिनिअम हळूहळू झिजून जातं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे रसायनशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

मला सगळ्यांत आवडला तो गळतीचा दिवस. टाकीत डिस्टिल्ड पाणी भरलं. बाकीच्या कशालाही वीज नाही. पॉवर सप्लायची हिरवी आणि काळी तार एका तारेच्या तुकड्यानं जोडली की तो एकटा सुरू होतो आणि त्याच्यावर फक्त पंप चालतो. प्रत्येक जोडाखाली कागदी रुमालाची घडी. असं चोवीस तास चालू द्यायचं. गळायचं असेल ते आत्ता गळू दे, असा त्यातला विचार. रात्री अकराच्या सुमाराला रेडिएटरजवळचा एक कागद ओला झाला. वॉशर तिरका बसला होता. पाणी काढलं, वॉशर सरळ केला, आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. पेटीत बंद असतं तर हीच बातमी जळका वास होऊन आली असती.

एवढं पाहिल्यावर कुणालाही वाटेल, की उघडेपणा हाच धर्म. मलाही एक दिवस वाटलं. मग वहिनींचा जुना रेडिओ बेंचशेजारी ठेवला गेला आणि भजनाऐवजी खरखर ऐकू यायला लागली. संगणकाची पत्र्याची पेटी नुसती धुळीसाठी नसते. आतला विजेचा कलकलाट ती आतच ठेवते. १९७७ साली अमेरिकेत टीआरएस-८० नावाचा संगणक निघाला. तो इतका बडबड्या होता, की लोक त्याच्या शेजारी मुद्दाम रेडिओ ठेवून त्या खरखरीतून सूर काढत. शेवटी १९७९ मधे तिथल्या सरकारला नियम करावे लागले, की तुमच्या यंत्रानं शेजाऱ्याच्या टीव्हीत लुडबुड करता कामा नये. तेव्हा झाकण हे शेजाऱ्यांवरचे उपकारही असतात. 'मी बुवा स्पष्टवक्ता आहे, मनात येतं ते बोलतो' असं सांगणारे गृहस्थ आमच्या पेठेत दर दोन घरांमागे एक आहेत. त्यांना पत्र्याच्या पेटीत बसवायची सरकारी तरतूद अजून झालेली नाही.

म्हणजे झाकायचं कधी आणि उघडायचं कधी? हा प्रश्न मी एरवी फळीवर ठेवून विसरलो असतो. पण त्याच सुमाराला घरात दुसरं एक झाकण पडलेलं होतं.

दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, एको झाला होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन वहिनींना आणि मला सांगितलं, हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के आहे. पंचावन्नच्या वर असायला हवं. वहिनींनी फाइल पैठणीच्या घडीखाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, यांच्यापाशी शब्द काढायचा नाही. धसका घेतील." आता यात हसण्यासारखं काही नाही. १९७१ साली त्यांच्या वडलांना कुणीतरी असंच तोंडावर सांगितलं आणि त्यांनी त्या दिवसापासून जेवणावरची वासना सोडली, हे वहिनींनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांचं झाकण भीतीचं होतं, आणि प्रेमाचंही.

पण दादा जन्मभर बँकेत तपासनीस होता. जेवणातलं मीठ कमी झालेलं, पिशवी उचलायला कुणीतरी पुढे धावणारं, गोळ्या दोनाच्या पाच झालेल्या. एवढ्या नोंदी जमल्यावर ताळेबंद लागत नाही हे त्याला कळणारच. तो रोज संध्याकाळी बेंचसमोर खुर्ची टाकून बसायचा. कागद ओला झाला तोही पहिल्यांदा त्यालाच दिसला. एकदा भाच्याला म्हणाला, "पंप बिघडला तर?"

"बिघडायच्या आधी वेग कमी होतो, मोठे मामा. आकडा समोर दिसतो. मग जरा बेतानं चालवायचं."

भाचा आत गेल्यावर दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा आकडा किती रे?"

अशा वेळी खोटं बोलायला फार वेळ मिळत नाही, खरं बोलायलाही नाही. माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की हा बेंच उघडा आहे कारण ज्याचा आहे त्यानं तो उघडा ठेवलाय. उद्या तो पेटीत घालायचा झाला तर तेही तोच ठरवील. बाहेरच्यांनी आत बघू नये म्हणून झाकण घालणं निराळं. मालकालाच आपल्या पंपाचा आकडा दिसू नये म्हणून घातलेल्या झाकणाला काय म्हणायचं? पण वहिनींना शब्द दिलेला होता. मी म्हटलं, "दादा, फाइल वहिनींकडे आहे. तुझी आहे, मागून घे."

त्यानं मागितली. दोन दिवस घरात वहिनींच्या भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. तिसऱ्या दिवशी फाइल पैठणीखालून निघाली. दादानं चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली, एका ठिकाणी बेरजेची चूक काढली आणि नेहमीएवढं जेवला. वहिनी जेवल्या नाहीत. मग त्यानं मिठाचा हिशेब ठेवायला वही घातली, आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, की हे घराबाहेर जाता कामा नये. भेटायला येणाऱ्यांना 'जरा पित्त झालंय' असं सांगायचं. सकाळी सत्यासाठी भांडलेला माणूस दुपारी पित्तावर आला म्हणून भाचा हसला. मला त्यात विसंगती दिसली नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही हे छापायला कसं दिलंत? दादाला वाचून दाखवून. त्यानं दोन ठिकाणचं शुद्धलेखन सुधारलं, पुढच्या तपासणीत पस्तीसाचे अडतीस झालेत तेही घाल म्हणाला, आणि एकच अट घातली: बँकेचं नाव येऊ देऊ नकोस, पेन्शनरांच्या बैठकीत सगळे विचारत बसतात.