शत्रूवाचूनचं शौर्य

१० डिसेंबर २०२२ रोजी फिलाडेल्फियाच्या मैदानात अमेरिकेच्या नौदल अकादमीचा फुटबॉल संघ उतरला, तो अंतराळवीरांच्या पोशाखाची आठवण करून देणाऱ्या पांढऱ्या गणवेशात. हेल्मेटवर हाताने रंगवलेलं एक चित्र होतं : पाठीवर यंत्र घेतलेला, कशालाही न बांधलेला, पोकळीत एकटा तरंगणारा माणूस. समोर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ होता. त्यांनी आपल्या गणवेशातून मान दिला होता दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढलेल्या पहिल्या चिलखती डिव्हिजनला. एकाच मैदानावर एकीकडे रणगाडे आणि दुसरीकडे अंतराळ! हा फुटबॉलही आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू छातीशी धरून समोरच्याला धडक देत पुढे घुसण्याचा हा खेळ आहे. अशा दांडगाईच्या खेळात डोक्यावर तो शांत तरंगणारा माणूस कशासाठी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

या दोन अकादम्यांमधली झुंज १८९० पासून चालत आली आहे. इथले बहुतेक खेळाडू पदवी हाती पडताच अधिकारी म्हणून सैन्यात रुजू होतात. गेली काही वर्षं या सामन्यासाठी दोन्ही संघ खास गणवेश करून घेतात. एखादी लढाई, एखादी तुकडी, एखादं विमान असं दरवर्षी काहीतरी त्यावर येतं. कपडे बनवणाऱ्या बड्या कंपन्या त्यामागे असतात आणि तसेच सदरे चाहत्यांना विकलेही जातात. धंदा आहेच. पण तेवढ्यावरून ही प्रथा मोडीत काढू नये. विशीतल्या मुलाच्या अंगावर आपण जे चढवतो, त्यातून त्याला त्याचे पूर्वज दाखवत असतो. म्हणून कोणता पूर्वज निवडला, इकडे नीट पाहायला हवं.

नौदल अकादमीला निवडायला पुष्कळ होते. इथून ५४ अंतराळवीर घडले, इतके दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेतून घडले नाहीत, असं अकादमी अभिमानानं सांगते. ५ मे १९६१ रोजी जेमतेम पंधरा मिनिटांचं उड्डाण करून अंतराळात जाणारा पहिला अमेरिकन ठरलेला ॲलन शेपर्ड इथलाच. अपोलो १३ सुखरूप परत आणणारा जिम लव्हेल इथलाच. सुनीता विल्यम्स १९८७ ची पदवीधर. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावलाबरोबर ‘कोलंबिया’ यानाच्या अपघातात गेलेला वैमानिक विल्यम मॅकूल हाही याच अकादमीचा.

त्या साऱ्यांमधून हेल्मेटवर आला ब्रूस मॅककँडलेस, १९५८ च्या तुकडीचा. ही निवड किती बोलकी आहे हे त्याच्या घराकडे पाहिल्यावर कळतं. आजोबा आणि वडील दोघंही याच अकादमीत शिकलेले. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वाडालकॅनालच्या रात्रीच्या लढाईत ‘सॅन फ्रान्सिस्को’ या युद्धनौकेवरचे वरिष्ठ अधिकारी एकामागून एक पडले, तेव्हा वडिलांनी जहाजाची सूत्रं हाती घेतली आणि ते लढतं ठेवलं. त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. अमेरिकेत त्याहून मोठा लष्करी सन्मान नाही. अकादमीला युद्धवीरच मिरवायचा असता, तर तो याच घरात, एक पिढी मागे मिळाला असता. तिने मुलाला निवडलं.

मुलाचं कर्तृत्व बरंचसं वाट पाहण्यात गेलं. १९६६ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाली. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर चालत होते, तेव्हा ह्यूस्टनहून त्यांच्याशी बोलत होता तो मॅककँडलेस. पुढे बरोबरीचे लोक जाऊन आले, चंद्रमोहिमा संपल्या, आणि हा गडी जमिनीवरच राहिला. या वर्षांत तो एका यंत्राच्या मागे लागला होता. नायट्रोजन वायूचे छोटे फवारे सोडून अंतराळवीराला हवं तिकडे सरकता यावं, असं ते पाठीवरचं यंत्र. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी, निवडीनंतर अठरा वर्षांनी, तेच यंत्र पाठीवर घेऊन तो ‘चॅलेंजर’च्या बाहेर पडला आणि जवळजवळ शंभर मीटर दूर गेला. यानाशी जोडणारी दोरी नव्हती. माणसानं दोरीशिवाय अंतराळात पाऊल टाकण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा त्याचं वय ४६ होतं. यानातून टिपलेलं त्याचं छायाचित्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे : खाली निळी पृथ्वी, वर काळाभोर अवकाश आणि मधे ती पांढरी आकृती. हेल्मेटची सोनेरी काच खाली ओढलेली, त्यामुळे चेहरा दिसत नाही. मॅककँडलेसला हेच आवडायचं. चेहरा दिसत नाही म्हणजे आत कुणीही माणूस असू शकतो, असं तो म्हणत असे.

लष्करी शौर्याला समोर शत्रू लागतो. पदकं, गाणी, पुतळे सगळं त्या शत्रूच्या साक्षीनंच उभं राहतं. मॅककँडलेसच्या समोर कुणीच नव्हतं. यंत्र बिघडलं असतं तर जीव जाणार होता, पण ते सिद्धीला गेल्यानं कुणाचा पराभव होणार नव्हता. त्यासाठी लागलेली शिस्त, चिकाटी आणि मरणाची तयारी मात्र त्याच अकादमीतून, त्याच नौदलातून आलेली होती. सैनिकी शिक्षणाचं सर्वांत उंच फळ युद्धाच्या बाहेर पिकू शकतं, हे त्या हेल्मेटनं सांगितलं, आणि सैनिक होऊ घातलेल्या मुलांना सांगितलं. म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

हे आपोआप घडलेलं नाही. त्यामागे एका माजी सैनिकाचा, आणि गंमत म्हणजे वेस्ट पॉइंटच्याच एका फुटबॉलपटूचा निर्णय आहे. १९१२ मध्ये गुडघा दुखावल्यानं ज्याचा खेळ संपला, तो ड्वाइट आयझेनहॉवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. रशियाच्या स्पुटनिकनं अमेरिका हादरलेली असताना अंतराळाचं काम सैन्याकडे सोपवणं सोपं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या या सेनापतीनं १९५८ च्या जुलैमध्ये कायद्यावर सही केली, ती नासा या नागरी संस्थेसाठी. पहिले अंतराळवीर लष्करी चाचणी वैमानिकांतूनच घ्यावेत, हेही त्यानंच ठरवलं. माणसं सैन्यातली, काम साऱ्या मानवजातीचं, अशी ती जोडणी होती. नौदलाच्या पोरांनी २०२२ मध्ये अंगावर घातली ती हीच.

त्याच मोसमात आणखी एक अंतराळ मैदानात आलं होतं. नासाचं कामकाज सुरू झालं १ ऑक्टोबर १९५८ रोजी. योगायोग असा, की २०२२ च्या १ ऑक्टोबरलाच हवाई दलाच्या अकादमीचा संघ याच नौदल संघाशी खेळला, आणि त्यांचा गणवेश ‘स्पेस फोर्स’च्या मानार्थ होता. डिसेंबर २०१९ मध्ये स्थापन झालेलं हे अमेरिकेचं अंतराळातलं लष्करी दल. त्याला नावं ठेवून भागणार नाही. आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह तेच दल चालवतं, आणि उपग्रहांचं रक्षण ही खरी गरज आहे. पण दोन गणवेशांवरची दोन आकाशं वेगळी आहेत. एका आकाशात माणूस शोधायला जातो, दुसऱ्यात राखण करायला. राखणदार लागतो हे मान्य, पण मुलांनी मोठं होऊन कोण व्हावं असं विचाराल, तर मी शोधणाऱ्याकडे बोट दाखवेन. १९६७ च्या अंतराळ करारानं पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी केली, बाकीच्या शस्त्रांना सरसकट केली नाही. उरलेला संयम माणसांनीच पाळायचा आहे, आणि तो कोवळ्या वयातच शिकवावा लागतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही, पुण्याच्या वेशीवरच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेले राकेश शर्मा १९७१ च्या युद्धात मिग विमानातून लढले आणि एप्रिल १९८४ मध्ये, मॅककँडलेसनंतर दोनच महिन्यांनी, अंतराळात गेले. गगनयान या भारताच्या अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला हे चौघंही याच प्रबोधिनीचे. त्यांतले शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊनही आले. इस्रोही नागरी संस्थाच आहे. म्हणजे आयझेनहॉवरनं बसवलेली घडी आपल्याकडेही तशीच बसली आहे : वैमानिक हवाई दलाचे, मोहीम देशाच्या विज्ञानाची. दुसरं आकाशही आपल्याकडे आहे. मार्च २०१९ मध्ये ‘मिशन शक्ती’त आपण क्षेपणास्त्रानं आपलाच उपग्रह पाडून दाखवला. देशाला ती क्षमता लागत असेलही. पण आपल्याला जास्त अभिमान कशाचा, हे आपणच ठरवायचं आहे.

फिलाडेल्फियातला तो सामना नौदल हरलं, २०-१७ असं, तेही दोनदा जादा वेळ खेळून. या झुंजीच्या इतिहासात जादा वेळाची पाळी पहिल्यांदाच आली होती. सामन्यानंतर रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या आणि मग जिंकलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले, आणि दोन्ही अकादम्यांची गीतं एकत्र गायली गेली.

प्रबोधिनीत २०२२ पासून मुलीही दाखल झाल्या आहेत. तिथल्या मुलामुलींना परमवीरांच्या कथा सांगितल्या जातात, त्या सांगायलाच हव्यात. त्यांच्याच शेजारी राकेश शर्मा आणि त्या चौघांची नावंही तितक्याच ठळकपणे लावा. आणि गगनयान उडेल त्या दिवशी घराघरांतल्या मुलांना एवढं जरूर सांगा, की यातले वैमानिक खडकवासल्याला शिकले, आणि कुणालाही हरवायला निघालेले नाहीत.