बळ, देहबुद्धी आणि पन्नाशीची बाई

देह नाशिवंत आहे, ही शिकवण मराठी घरात कीर्तनापासून ओवीपर्यंत सगळीकडे भेटते. मग अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरची पंचेचाळिशी-पन्नाशीची बाई जिममध्ये वजने उचलते, तेव्हा ती देहाच्या मोहात पडते की धर्मच पाळते?

आधी देहाची बाजू. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात. पाळी थांबण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. हळूहळू वाढवलेला भार ही घट रोखतो. भार पडला की स्नायू सावरताना अधिक बळकट होतो, आणि त्याच्या ओढीने हाडालाही टणक राहण्याची चालना मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशा व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सांगते. सोबत डाळी, ताक, दूध, अंडी यांतून प्रथिने लागतात. साबुदाण्याच्या खिचडीत ती दाण्याच्या कुटापुरतीच असतात.

ही घट पहिल्यांदा जाणवते ती अनेकदा देव्हाऱ्यापुढे. पाटावरून उठताना एक हात जमिनीवर टेकतो, दुसरा भिंत शोधतो. मग पूजा खुर्चीवर बसून होऊ लागते. पाटावरून उठवणारे मांडीचे आणि नितंबाचे स्नायू, तेच स्क्वॉटने बळकट होतात.

संतांनी निषेध केला तो देहबुद्धीचा, म्हणजे ‘हा देह म्हणजेच मी’ या समजुतीचा. आरशापुढे ती वाढू शकते, हा आक्षेप खरा आहे. पण दुबळा देहही मनाला स्वतःकडेच ओढत राहतो. गुडघा ठणकत असेल तर नामस्मरणातही चित्त गुडघ्यापाशीच घुटमळते. मुंडकोपनिषदही बलहीनाला आत्मलाभ नाही असे सांगते. तिथले बळ मुख्यतः अंतरीचे असले, तरी साधनेला टिकाव लागतो, हे अंतरी आणि देही दोन्हीकडे खरेच.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या शंभरहून अधिक लेण्यांमध्ये शतकानुशतके भिक्खू राहिले. त्यांच्या शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, कठोर तपाने देह झिजवून पाहिला, मग सुजातेची खीर स्वीकारली आणि मध्यम मार्ग सांगितला. हाच निकष वजनांनाही लागू पडतो: पेलेल तेवढे उचलावे, सवय झाली की थोडे वाढवावे आणि मधल्या दिवशी विसावा घ्यावा.

उरतो तो हेतूचा प्रश्न. घर चालावे म्हणून बाईने धडधाकट राहावे, असे सर्रास म्हटले जाते. त्यात माया असते, पण तिचा देह इतरांच्या कामाचे साधन ठरतो. शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे कालिदासाचे प्रसिद्ध वचन ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात आहे. बटुवेषातला शिव ते पार्वतीला उद्देशून बोलतो, आणि झेपेल तेवढेच तप करतेस ना, असे विचारतो. ते तप तिने स्वतः ठरवलेल्या ध्येयासाठी होते. मध्यमवयीन स्त्रीचे बळही आधी तिच्या स्वतःच्या साधनेसाठी आहे. घराला ते लाभते, ते त्यानंतर.