अचल स्वराचे कष्ट

हायलँड बॅगपाइपच्या तीन नळ्या वादकाच्या डाव्या खांद्यावर टेकलेल्या असतात: दोन टेनर, एक लांब बास. त्यांना ड्रोन म्हणतात. बोटं फिरतात ती खाली चँटरवर. ड्रोन फक्त एक स्वर धरून असतात, टेनर चँटरच्या खालच्या 'ए'पासून एक सप्तक खाली, बास दोन सप्तकं. धून बदलते, ताल बदलतो, ड्रोन बदलत नाहीत. ऐकणाऱ्याचं त्यांच्याकडे लक्षही जात नाही. वाजवणाऱ्याचा मात्र निम्मा जीव तिथेच अडकलेला असतो.

पुण्यात मी तत्त्वज्ञान शिकवत असे आणि घरी तानपुरा जुळवून गात असे. षड्ज-पंचम अचल, हे लहानपणापासून कानात बसलेलं. वर्गात 'अचल' म्हटलं की विषय ब्रह्माचा असायचा. आता ग्लासगोत राहून मी पाइप शिकते आहे आणि ड्रोनच्या रीडने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे: जे बदलत नाही ते स्वभावानेच बदलत नाही, की कुणी सतत राबतं म्हणून?

रीड दिसत नाही. ती ड्रोनच्या बुडाशी, पिशवीच्या आत, मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे देऊन घट्ट बसवलेली असते. चँटरच्या रीडला सनईसारखी दोन पाती असतात, ड्रोनच्या रीडला एकच जीभ. पूर्वी ती बोरूसारख्या पोकळ काडीतच चिरून उचललेली असे. आता पुष्कळदा प्लॅस्टिकच्या नळीवर कार्बन फायबरची जीभ असते. जिभेच्या मुळाशी दोऱ्याचं किंवा रबराचं कडं असतं, त्याला ब्रायडल म्हणतात. ते जिभेच्या मोकळ्या टोकाकडे सरकवलं की थरथरणारा भाग आखूड होतो, स्वर चढतो, हवा कमी लागते. उलट सरकवलं की जीभ लांबते, स्वर उतरतो, हवा जास्त जाते. हे सरकवणं केसभराचं असतं. काडीची जीभ फारच चिकटून बसली तर तिच्या मुळाशी खरोखरचा केस घालण्याची जुनी रीत आहे. गुरुजींनी ते करून दाखवलं तेव्हा मला मिरजेचा तानपुरा आणि तारेखाली सरकवायचा जवारीचा दोरा आठवला. दोन्हीकडे अचल स्वर केसाएवढ्या वस्तूवर उभा.

गुरुजी क्लाइडकाठच्या गोदीत वेल्डर होते. रीड लावायची त्यांची पद्धत अशी: चँटर काढायचा, तिथे बूच मारायचं, एकेक ड्रोन स्वतंत्र वाजवायचा आणि पिशवीवरचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. चँटरला लागतो त्याहून थोडा जास्त दाब झाला की ड्रोनची रीड मिटून गप्प झाली पाहिजे. आधीच मिटली तर ब्रायडल मागे. मिटतच नसेल तर ती फुकट हवा पिते आहे, ब्रायडल पुढे. तिन्ही रीड जवळपास एकाच दाबाला मिटेपर्यंत हे चालतं. या परीक्षेबद्दल मला मनापासून आदर आहे. नेमाने स्वर धरणाऱ्या रीडची पारख ती कुठे थांबते यावरून होते.

मग जुळवणी. चँटरवर स्वर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने टेनरचा वरचा भाग फिरवत वर-खाली करायचा. एक टेनर 238 हर्ट्झवर आणि दुसरा 239 वर असेल तर दर सेकंदाला आवाजाची एक लाट येते. जवळ येत गेलात की लाटा लांबतात, आणि एका जागी लाट उरतच नाही. तीन नळ्यांचा एक सूर होतो, पायाखालच्या फरशीपर्यंत जाणवतो. हे सुख मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. आणि ते टिकत नाही. श्वासाची ऊब आणि ओल आत जाते, काडी फुगते, चँटरही तापून चढतो. पुन्हा हात वर जातो. आजच्या चँटरचा 'ए' साधारण 470 ते 480 हर्ट्झला असतो, पियानोचा 440 ला. म्हणजे मुळात एक ठरलेली पट्टी अशी नाहीच. अचल आहे ते नातं, आणि दंडाखालच्या पिशवीचा दाब क्षणभर ढिला पडला तर तेही जातं.

योगसूत्रांच्या शेवटच्या पादावर व्यासभाष्य नित्यतेचे दोन प्रकार सांगतं. एक कूटस्थ नित्यता, पुरुषाची, जिला बदल शिवत नाही. दुसरी परिणामी नित्यता, गुणांची, जी बदलत राहते पण जिचं तत्त्व बदलातही नष्ट होत नाही. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावर लिहिताना शंकराचार्यांनी हाच भेद घेतला आणि ब्रह्माला कूटस्थाच्या बाजूला ठेवलं. तेव्हापासून दुसरी नित्यता आपल्याकडे कमी प्रतीची ठरली. मी वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. आज मला ही प्रतवारी मान्य नाही.

मी शिकते ते नॅशनल पाइपिंग सेंटर 1996 मध्ये सुरू झालं. त्याची इमारत आधी काउकॅडन्स फ्री चर्चची होती. त्या परंपरेत दीर्घकाळ वाद्यांविना, नुसत्या गळ्याने स्तोत्रं म्हणत. 1640 च्या दशकातल्या ज्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रावर ही चर्च उभी राहिली, त्यातला देव अशरीरी, अविकारी आणि अपरिवर्तनीय आहे. तो थकत नाही. शंकराचार्यांना त्यात फारसं खटकलं नसतं.

पंढरपूरला मात्र खटकलं असतं. पुंडलिकाने वीट फेकली म्हणून जो उभा राहिला, अठ्ठावीस युगं हलला नाही, त्याच्याइतका अचल आपल्याला कोण ठाऊक आहे? आणि आषाढीला त्याचाच पलंग निघतो, रात्रंदिवस दर्शन चालतं, म्हणून पाठीला लोड लावतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून काढा देतात. ज्यांनी ही रीत घातली त्यांना उभं राहणं म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. न हलणं हे श्रमाचं काम आहे, आणि त्या श्रमात भक्ताचा वाटा आहे, असं ती रीत सांगते. मी हे भोळेपण मानत नाही. मला त्यात व्यासभाष्याला जोडण्याजोगा विचार दिसतो: परिणामी नित्यतेत कुणीतरी कुणासाठी टिकून राहत असतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अद्वैतात पक्की आहे. ती म्हणते, बाई, लोड मूर्तीला लागतो, ब्रह्माला नाही; रीड बिघडते, पण दोनास एक हे सप्तकाचं प्रमाण कधी बिघडतं का? तिचं म्हणणं मी हलकं समजत नाही. ते प्रमाण बिघडत नाही, खरंच. पण ते ऐकूही येत नाही. ऐकू येण्यासाठी त्याला काडी लागते, ओला श्वास लागतो, दंडाखाली दाबलेली पिशवी लागते. ज्या नित्याला यांतलं काहीच लागत नाही, त्याची उपासना का करायची आणि तिने त्याला काय फरक पडतो, याचं उत्तर मला तिच्याकडून हवं आहे.