खरखर नेमकी कुठून येते?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या युवा मंडळाने वर्गणी काढून भजनासाठी नवी कोरी बेस गिटार घेतली, हे सगळ्या ग्रुपवर कळलंच आहे. तिची खरखरही सगळ्यांना कळली आहे! तार छेडली की स्वर बाजूला आणि पत्रा वाजल्यासारखी झणझणच जास्त. दोन दिवस ग्रुपवर दुसरा विषय नाही. एक काका म्हणाले, परत करून टाका. दुसरे म्हणाले, पेटी-तबला-टाळ असताना हे विलायती सामान आणलंच कशाला, देवालाच पसंत पडलं नाही. मुलं बिचारी हिरमुसली. दोघा-तिघांनी तर गुरुवारी यायचंच बंद करण्याची भाषा केली.

देवाला काय पसंत पडतं यावर आपण न बोललेलं बरं. त्यातून ग्वाल्हेरात राहून तर नकोच. आपण जिला घरची म्हणतो ती पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. आपल्या जिवाजीगंजात बंगश घराण्याच्या जुन्या वास्तूत 'सरोद घर' आहे. तो सरोद अफगाण रबाबापासून घडला असं तिथलेच लोक मानतात. तानसेन समारोहाच्या सकाळी समाधीपाशी हरिकथाही होते आणि मीलादही होतो. इतकं सगळं पोटात घेतलेल्या गावाला चार तारांची एक गिटार जड होऊ नये.

तेव्हा गिटार हवी की नको हा प्रश्न मी इथेच सोडते. प्रश्न असा आहे की घरात नवीन काही आलं आणि ते खरखरायला लागलं, तर माणसाने काय करावं.

मुलं ती गिटार घेऊन लश्करातल्या एका जुन्या कारागिराकडे गेली. ते काय करतात हे मी मुद्दाम मुलांकडून सविस्तर ऐकून घेतलं. पहिली दहा मिनिटं त्यांनी एकही हत्यार हातात घेतलं नाही. नुसतं वाजवून ऐकलं. आधी एक तार, मग दुसरी. आधी मोकळी, मग दांडीवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्यातल्या एकेका पट्टीवर बोट ठेवून.

कारण झणझण एकच ऐकू येते, पण तिची घरं वेगवेगळी. मोकळी तारच फक्त झणझणत असेल तर वरच्या टोकाशी तार जिच्यातून जाते ती खाच जास्त खोल कापली गेलेली असते. वरच्या पहिल्या चार-पाच पट्ट्यांवर झणझणत असेल तर दांडी मागे वाकली आहे असं समजायचं. खाली, गिटारच्या अंगाजवळ आवाज येत असेल तर तार फार खाली बसवली आहे, घोडी थोडी उचलावी लागते. सगळी गिटार ठीक आणि एकाच जागी खरखर, म्हणजे ती एकच पट्टी लाकडातून जरा वर आली आहे. कधी गिटारला काहीच झालेलं नसतं, एखादा स्क्रू सैल असतो. कधी तर खोलीतल्या कपाटाची काच वाजत असते आणि आपण दोष गिटारला देतो! आणि तारांना हात लावला की जो घूं घूं आवाज थांबतो, तो तारांचा नसतोच, आतल्या वायरीचा असतो.

आता सांगा, इतक्या वेगवेगळ्या कारणांवर "परत करून टाका" हे एकच उत्तर कसं चालेल?

आपल्या गिटारची दांडी मागे गेली होती. लाकूड कापलं, रंगवलं, तरी हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं. कुठल्या तरी दमट हवेतल्या कारखान्यात ती घडली, गोदामात राहिली, आणि मग आली ती आपल्या मे महिन्यात. इथे पारा ४५ अंशांच्या पुढे, वर लू. तुम्हा-आम्हाला ओठ फुटतात, लाकडाचं काय होत असेल! बेसच्या दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. ती पाव आटा ढिली करायची, म्हणजे तारांच्या ओढीने दांडी किंचित पुढे येते. मग तारा परत सुरात लावायच्या आणि एक रात्र तशीच ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचं. एका बैठकीत सगळं सरळ करायला गेलं तर सळईचे आटेच बिघडतात, आणि मग ती गिटार खरोखर कामातून जाते.

महाराज असंच सांगायचे, की दोष दिसला म्हणून लगेच बोट दाखवू नये, आधी कान लावावा. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनीही हेच समजावलं आहे, की अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कर्माबरोबर काही ना काही दोष असतोच, म्हणून आपल्या वाट्याचं कर्म टाकून देऊ नये. धूर आहे म्हणून चूल कोणी विझवत नाही, फुंकणी घेऊन बसतो.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याच सभागृहात ज्या तानपुऱ्याशिवाय भजन सुरू होत नाही, त्याचा आवाज कधी नीट ऐकलाय? तीसुद्धा झणझणच आहे! तिलाच आपण जवारी म्हणतो. तानपुऱ्याची घोडी सपाट नसते, अगदी हलकी उतरती घासलेली असते. थरथरणारी तार तिच्या पाठीला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते, त्यातून तो भरलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा नाद उठतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की नाद उघडतो किंवा मिटतो. त्या दोऱ्याला 'जीवा' असंही म्हणतात. दोरा काढून टाका, तार तीच, भोपळा तोच, पण तानपुऱ्यातून प्राण गेल्यासारखा होतो.

आपला तानपुरा मिरजेचा. ते वाद्य करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांचं काम कमी झालं तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे, तुणीचं लाकूड, आणि तोच घासण्याचा हात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचं आपलं नातंही जुनं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. इकडचं गाणं तिकडे गेलं, तिकडचे तानपुरे इकडे आले. असो, हे जरा लांबलं, पण आपल्या मुलांना हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

तर सांगायचं होतं ते हे. गिटारमध्ये तार जिथे लागायला नको तिथे लागते, ती खरखर. तानपुऱ्यात तार जिथे लागायला हवी तिथे, हवी तेवढीच लागते, ती जवारी. दोन्ही ठिकाणी तार कशाला तरी घासतेच आहे.

हे सगळं मी आज का लिहितेय, तर आपल्या एका गुरुभगिनीचा मला निरोप आला आहे. नाव सांगत नाही. घरात नवीन सून आली, आठ महिने झाले. मुलगी कोकणातली. रोज काहीतरी कुरबुर. ती उलटून बोलते, गप्प बसते, स्वयंपाक वेगळाच करते, दार लावून फोनवर असते. ताई लिहितात, "यांचं म्हणणं आहे की तिला माहेरी पोचवून यावं, वस्तूच खराब निघाली."

ताई, वस्तू हा शब्द आधी काढून टाका. आणि मग ऐका. खरखर कुठल्या तारेवर येते? सकाळी स्वयंपाकघरात, की रात्री सगळे जेवायला बसल्यावर? तुमच्याशी बोलताना, की मुलगा समोर असतानाच? पाहुणे आले की वाढते का? दिवसभर सगळं नीट आणि एकाच विषयावर भडका, तर तो एकच विषय आहे, सगळी सून खराब नाही. आणि जरा बघा, कपाटाची काच तर वाजत नाही ना? म्हणजे नणंद, शेजारीण, नाहीतर मुलाची नोकरी. आवाज सुनेकडून आल्यासारखा वाटतो, पण सैल स्क्रू दुसरीकडेच असतो.

शिवाय ती पोर दमट हवेतून आली आहे. तिथे नारळ रोजच्या वाटणात, इथे नारळ पूजेला. तिथे पावसाची झड, इथे धूळ आणि लू. आपलं मराठीसुद्धा तिला निम्मं हिंदी वाटत असेल. आपण "जरा बाजार करून येते" म्हणतो, ती हसते, आपल्याला वाटतं उलट हसली. पाव आटा फिरवा आणि रात्रभर थांबा. एका रविवारी सगळ्यांनी बसून तिला समजावण्याची जी बैठक ठरवली आहे ना, ती कृपा करून रद्द करा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण सत्संगाच्या नावाखाली उलट अर्थ काढणारे असतात. सगळंच सांभाळून घ्यायचं नसतं. दांडी पिळवटलेलीच आली असेल तर कोणताही कारागीर सांगेल, यावर वेळ घालवू नका, मुदतीत परत करा. तसंच घरात मारहाण होत असेल, पैशाची मागणी होत असेल, बाईला कोंडून ठेवत असतील, तर ती जवारी नव्हे. तिथे "सहन कर, नाम घे" असं सांगणारा माणूस गुरूंचं सांगत नाही, स्वतःचं सांगतो. सुनेवर होवो, मुलीवर होवो, की म्हाताऱ्या सासूवर होवो. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन नंबर आहे, तो प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये असावा. नाम घेतच फोन लावावा.

नवीन साधकांचंही विचारणं असतं, की जपाला बसलं की डोक्यात भणभण सुरू होते, मग बसून उपयोग काय. भणभण आधीही होतीच, खोली शांत झाली म्हणून ऐकू आली. तिच्याशी भांडू नका. नाम हा तो दोरा आहे. मन आणि विचार यांच्यामध्ये अलगद सरकवायचा. कुठे बसतो ते पहिल्या दिवशी सापडत नाही, तानपुऱ्यावर तरी कुठे सापडतं? मिरजेचे जाणते कारागीरसुद्धा घोडी घासतात, वाजवतात, परत घासतात.

तर ताई, तुम्ही उपाय विचारला होता. या रविवारी बैठकीऐवजी एवढंच करा. सकाळी ती स्वयंपाकघरात आली की विचारा, "तुझी आई आमटीत काय घालते गं?" ती सांगेल, कदाचित आढेवेढे घेत सांगेल. सांगून झाल्यावर आपल्याकडे कसं करतात ते सांगू नका. खोबरं किसायला घ्या.