मणी ओढणारे

पेणजवळच्या हमरापूरच्या कारखान्यातून रोह्याच्या मंडळाचा गणपती टेम्पोत चढवायचा होता. पाटाला दहा जणांचे हात लागले. पुढचे दोघे तालमीतले. ते लांब ढांगा टाकत निघाले, तसे मागच्यांचे हात सुटू लागले आणि पाट तिरका झाला. कारखान्याच्या काकांनी ओरडून तो खाली ठेववला.

“मागचे कच्चे आहेत काका, त्यांना काढा,” पुढचा म्हणाला.

काकांची पुतणी मुंबईत जीवशास्त्र शिकणारी, सुट्टीला पेणला आलेली. ती म्हणाली, “कुणाला काढू नका. आधी एक ऐका.” आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भक्षक पेशींना प्लास्टिकचे मणी खाऊ घातले. मणी केवढा, तर केसाच्या जाडीचा सुमारे शंभरावा हिस्सा. पेशी त्याला जंतूसारखाच पापुद्र्यात गुंडाळून आत घेते आणि पचवण्याच्या जागेकडे ओढत नेते. पेशी कापावी लागत नाही. ती जिवंत असतानाच मणी चालताना दिसतो. लेसरने त्याला धरलं, की ओढणाऱ्यांचा जोरही मोजता येतो.

ओढणारी प्रथिनं दोन जातींची. कायनेसिन एकेकटं बलवान. डायनीन दुबळं, पटकन सुटणारं. पण २०१३ साली ‘सेल’ या नियतकालिकात मल्लिक आणि सहकाऱ्यांनी मांडलं ते वेगळंच होतं. कायनेसिनांचं एकमेकांशी जमत नाही. डायनीन मात्र जितकी जास्त, तितका जोर चढत जातो. संशोधकांच्या मते पुढची डायनीन आखूड पावलं टाकतात, मागची लांब. मग सगळी जवळ येतात आणि भार वाटला जातो. मला यात मोठं वाटतं ते हे, की पुढचं डायनीन जागा सोडत नाही, थांबतही नाही. ते फक्त पाऊल आवरतं.

“आणि ही टोळी फुटली तर?” पुढच्यानं विचारलं.

“काळ्या आजाराच्या परजीवीकडे एक रेणू असतो, तो नेमकी हीच टोळी फोडतो. मग ओझं पुढे सरकत नाही.”

काका उठले. “पुढच्यांनी अर्धं पाऊल. मागच्यांनी हवं तेवढं. उचला!”

पाट सरळ राहिला.

संध्याकाळी रोह्यात मूर्ती उतरवायला मंडळाची पोरं पुढची बाजू धरायला धावली. तालमीतल्या गड्यानं त्यांना हातानं अडवलं, आणि मागच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या वयस्कर माणसाला विचारलं, “दादा, तुमचं पाऊल केवढं पडतं?”