किती देते आणि किती धावते

गोंदिया असो, आमगाव असो की देवरी, गाडी विकायला निघाली की घेणारा आधी एकच गोष्ट विचारतो: ॲव्हरेज किती देते? या प्रश्नापुढे भलीभली ताकद हरलेली आहे. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये यामाहाच्या परवान्यावर दोन सिलिंडरची राजदूत 350 आणली. पळण्यात तिच्या तोडीची दुसरी मोटरसायकल तेव्हा भारतीय रस्त्यांवर नव्हती, पण पेट्रोल पिण्यातही तिला तोड नव्हती. 1985 मध्ये शंभर सीसीच्या आतली हीरो होंडा सीडी 100 आली आणि काही वर्षांतच राजदूत 350 शौकिनांच्या गप्पांपुरती उरली. चारचाकीत हेच काम 796 सीसीच्या मारुती 800 ने केलं. हा निकाल पैशाचा होता, आणि धान विकून हप्ता भरणाऱ्या घराने तो तसाच द्यायला हवा होता. अलीकडे मात्र त्याला पुण्याईचा रंग चढला आहे. कमी पिणारी गाडी घेणारा शहाणा आणि सृष्टीचा हितचिंतक, मोठ्या इंजिनाचा शौकीन उधळ्या आणि पापी, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. ही वाटणी टिकत नाही. इंधनाची बचत हा यंत्राचा गुण आहे, संयम हा माणसाचा. पहिला शोरूममध्ये विकत मिळतो. त्याच्या पावतीवर दुसऱ्याचं समाधान मानून घेणं, ही यातली खरी नैतिक चूक आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दांडग्या गाड्यांच्या माहेरीच, अमेरिकेत, सापडतो. 1964 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ 6.4 लिटरच्या इंजिनावर तीनशेहून अधिक अश्वशक्तीचा दावा करत असे. आपल्या मारुती 800 ची ताकद चाळिशीच्या आत होती. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, 1975 मध्ये अमेरिकेने मायलेजचा कायदा केला आणि 1987 पर्यंत तिथल्या नव्या गाड्यांचं सरासरी मायलेज गॅलनमागे 13 मैलांवरून 22 मैलांवर गेलं. एवढ्यावर थांबलं तर यंत्राने माणसाला सुधारलं असं म्हणता येईल. पण पुढच्या सतरा वर्षांत, इंजिनं अधिकाधिक कुशल होत असताना, मायलेज 19 च्या आसपास उतरलं आणि सरासरी अश्वशक्ती 118 वरून दोनशेच्या वर गेली. तेल स्वस्त होतं, आणि अवजड गाड्यांना नियम सैल होते. अभियंत्यांनी वाचवलेला प्रत्येक थेंब ग्राहकाने वजनात आणि वेगात खर्चून टाकला. म्हणजे जुनी दांडगी गाडी हरलीच नव्हती. कुटुंबाच्या सभ्य गाडीच्या पोटात शिरून ती परत आली होती.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच हे कोळशाबाबत दाखवलं होतं. जेम्स वॅटच्या सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाला त्याच कामासाठी कमी कोळसा लागे, पण त्यामुळे वाफ इतकी परवडू लागली की इंग्लंडचा कोळशाचा एकूण खप वाढतच गेला. यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे: मोटारींच्या बाबतीत बचतीचा सगळा भाग असा परत खर्च होत नाही, काहीच होतो. चांगलं मायलेज म्हणून कुणी दुप्पट फिरत नाही. मान्य. तेव्हा कमी जाळणारं यंत्र निवडणं हे कर्तव्यच आहे. पण कर्तव्याची ती पहिली पायरी झाली. मायलेज दर किलोमीटरचा हिशेब देतं. किलोमीटर किती, कशासाठी आणि कुणाच्या अंगावरून, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

विजेच्या गाडीने हा पेच सुटेल असं वाटणाऱ्याने गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याकडे पाहावं. तिथल्या औष्णिक प्रकल्पात 660 मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण 3300 मेगावॉट. हे संच सुपरक्रिटिकल म्हणजे आजच्या कुशल जातीतले, तरी कोळशातल्या उष्णतेचा सुमारे चाळीस टक्केच भाग वीज होऊन बाहेर पडतो. विजेची मोटार बॅटरीतली बहुतेक ऊर्जा चाकांपर्यंत नेते, पेट्रोलचं इंजिन जेमतेम पाव ते तृतीयांश. त्यामुळे गोंदियात विजेवर धावणारी गाडी शहराची हवा नक्कीच स्वच्छ ठेवेल, आणि उद्या वीज सूर्यावर होऊ लागली तर तिचा हिशेब आणखी सुधारेल. पण तोवर तिचा धूर नाहीसा होत नाही, धुराडं तेवढं तिरोड्याला जातं. शिवाय विजेच्या मोटारीत जोर आणि काटकसर यांचं जुनं वैरच उरत नाही. 2023 च्या अखेरीस पेट्रोलवरच्या चॅलेंजर आणि चार्जर बंद करून डॉज या अमेरिकी कंपनीने पुढे विजेवरची चार्जर आणली, आणि तिला बाहेर ऐकू जाणारी कृत्रिम गुरगुर बसवली. जोर होता, फक्त गाजावाजा नव्हता. तो मुद्दाम तयार करावा लागला. शौकिनाला नेमकं काय हवं होतं, हे यातून कळतं.

इथे धर्मविचाराचा उपयोग होतो. आपल्या परंपरेने शक्तीला कधी पाप म्हटलेलं नाही. पोळ्याला शेतकरी बैलाच्या जोराचीच पूजा करतो, पण कशी? आदल्या दिवशी खांदशेकणी होते, म्हणजे बैलाचे खांदे शेकले जातात, आणि सणाच्या दिवशी मानेवर जू चढत नाही. जोराचा मान त्याला विसावा देऊन राखला जातो. याच मुलखात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतीही भरतात, तेव्हा बैलाशी आपलं नातं केवळ पोळ्याचंच आहे असा दावा करण्यात अर्थ नाही. पण श्रेष्ठ कशाला मानायचं, हे सणाने स्पष्ट केलं आहे. मग इंजिनाच्या ताकदीत दोष कुठे येतो, याचं नेमकं उत्तर जैन विचारात मिळतं. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, बारा व्रतांत एक अनर्थदंडव्रत आहे: निष्प्रयोजन हिंसा करायची नाही. पोट भरण्यासाठी, कामासाठी होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. पण जिचं काही कारणच नाही, ती टाळता येते. बुलेटचा सायलेन्सर बदलून रात्री बाजारपेठेतून फटाके फोडत जाणं या कसोटीवर अनुत्तीर्ण होतं. तीच बुलेट घाटातून दोघांना नि सामानाला वाहून नेते, तेव्हा तिचा जोर सकारण असतो.

त्याच यादीतलं दिग्व्रत काटकसरी गाडीवाल्याला अडचणीत आणतं. उमास्वाती या जैन आचार्यांच्या तत्त्वार्थसूत्रातही ते आहे. आपण कुठल्या दिशेला किती दूर जाऊ, याची मर्यादा श्रावकाने स्वतःच आखायची. त्या मर्यादेपलीकडच्या जिवांना आपल्याकडून अभय. मोटार जन्मायच्या कितीतरी आधी कुणीतरी ओळखलं होतं की हिंसा केवळ कृत्याच्या तीव्रतेत नसते, तिच्या विस्तारात असते. या मापाने पाहिलं तर निकाल उलटाही लागू शकतो. अधूनमधून एखाद्या रविवारी झाकण काढून दोन तास फिरवली जाणारी जुनी दांडगी गाडी वर्षभरात जेवढं पेट्रोल पिते, त्याहून अधिक ते लिटरला पंचवीस किलोमीटर देणारी आणि दर शनिवारी विनाकारण नागपूरला जाणारी गाडी पिऊ शकते.

यावरचा मोठा आक्षेप असा की फिरण्याला मर्यादा घालणं हे सुस्थितीतल्या माणसाचं तत्त्वज्ञान आहे. अर्जुनी मोरगावच्या रुग्णाला मोठ्या इस्पितळासाठी नागपूर गाठावं लागतं, मुलीला कॉलेजला जायला स्कूटर लागते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावच्या सीमेत कोंडलं गेलं, त्यांच्यासाठी चाक म्हणजे सुटका आहे. त्यांना दिग्व्रत सांगणं क्रौर्य ठरेल. आक्षेप खरा आहे, म्हणूनच व्रत आणि कायदा यांत फरक करायला हवा. व्रत दुसऱ्यावर लादता येत नाही. ते स्वतः, स्वतःच्या गरजेचं माप घेऊन घ्यायचं असतं. ज्याच्या फिरण्यात गरजच जास्त, त्याची रेषा दूर पडेल. ज्याच्या फिरण्यात हौस जास्त, त्याने ती जवळ ओढावी. ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र त्याग आणि भोग यांना एकत्र बांधतो, वेगळं करत नाही. गृहस्थाला याहून व्यवहार्य धोरण मिळणं कठीण.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: प्रत्येक माणूस संत होण्याची वाट पाहिली तर जंगल उरणार नाही, तेव्हा यंत्रच सुधारावं आणि कायदा कडक करावा. दोन्ही करावंच. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ गेला. नवेगाव आणि नागझिरा या जंगलांमधल्या त्याच्या वाटेवर आडवी आलेली गाडी शर्यतीची नव्हती, अशा गाड्या कुठल्याही गल्लीत उभ्या दिसतात. तिचं मायलेज कितीही चांगलं असतं तरी वाघाचा हिशेब बदलला नसता, आणि विजेची असती तर ती आली हे त्याला कदाचित ऐकूही आलं नसतं. इंधनाच्या कसोटीवर निर्दोष ठरणारी फेरीही सदोष असू शकते, कारण ती कसोटी टाकीत डोकावते, रस्त्यावर नाही. म्हणून गाडी घेताना ॲव्हरेज अवश्य विचारावं, पण तो प्रश्न गाडीला आहे. ही फेरी लागते का, लागत असेल तर इतक्या वेगाने लागते का, हे दोन प्रश्न चालवणाऱ्याला आहेत, आणि त्यांची उत्तरं दर वेळी किल्ली फिरवण्याआधी नव्याने द्यावी लागतात.